चार विसा, दहा, सात

परवा फ्रेंचच्या बी-वन पातळीची तोंडी परीक्षा झाली. मी तयारी केली होती पर्यावरणाची. प्लॅस्टिक, धूर, सायकल चालवण्याचे फायदे, सगळं तोंडपाठ. इंदूर किती स्वच्छ आहे हे मला फ्रेंचमध्ये चार तऱ्हांनी सांगता येत होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि आधी माझा मोबाइल नंबर विचारला. फ्रेंचमध्ये.

फ्रेंच माणूस फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतो. माझ्या नंबरातल्या पाचापैकी चार जोड्या सत्तरच्या वरच्या. पॅरिसकडे मात्र सत्तरला स्वतंत्र शब्दच नाही, ते साठ-दहा म्हणतात. ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. माझा नंबर सुरू होतो ९७ ने, म्हणजे चार-वीस-दहा-सात. कात्र-व्हँ-दी-सेत. तेवढं कसंबसं निघालं. पुढची जोडी ७८. 'साठ' म्हणालो आणि वरचे अठरा शोधायला आत गेलो तो बाहेर येईना. बाईंनी घड्याळ पाहिलं, पेन टेकवलं आणि म्हणाल्या, "कोई बात नहीं बेटा, हिंदी में बोल दो."

त्या 'बेटा'चा राग अजून गेलेला नाही.

तीन वर्षं शिकतोय हो. पहिल्या वर्षी टेबल बाई आणि पुस्तक बुवा हे घोकलं. दुसऱ्या वर्षी कळलं की दुकानात शिरताच 'बाँझूर' न म्हणणं हा उद्धटपणा. छप्पन दुकानला पोहेवाल्याला म्हणून पाहिलं, तर तो म्हणाला, "हाँ भिया, जीरावन?" सर पहिल्या तासाला म्हणाले होते, इंदूरचं आणि फ्रान्सचं नातं जुनं आहे. आपल्या यशवंतराव होळकर महाराजांना १९२९ साली बुते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने युरोपीय पोशाखात रंगवलं, नंतर मराठी पोशाखातही. असेल. पण त्याने महाराजांना मोबाइल नंबर विचारला नव्हता. बेल्जियम-स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला सरळ 'सेप्तांत' म्हणतात, नव्वदला 'नोनांत'. मग आपण तेच का शिकत नाही, विचारलं. सर म्हणाले, पुस्तक पॅरिसचं आहे.

घरी आलो तेव्हा माईआजी गच्चीवर वाळलेले पापड मोजत होती. माईआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. खानदेशातल्या खेड्यातून लग्न होऊन इंदूरच्या रामबागेत आली, त्याला आता साठ वर्षं झाली. मोजणी मात्र तिकडचीच. वीस पापड झाले की एक गड्डी, आणि गड्डीशेजारी एक चिंचोका.

"कशात अडकलास?"

"सत्त्याण्णव नंतर अठ्ठ्याहत्तर. त्यांच्यात सत्त्याण्णव नसतात गं. चार विसा, दहा आणि सात."

तिने हातातला पापड खाली ठेवला. "मग बरोबर आहे की त्यांचं."

"बरोबर?"

"चार विसा सतरा. तो दहा कशाला वेगळा काढलाय कोण जाणे, पण बरोबर आहे. इतकी वर्षं तुम्ही सगळे मला हसता. तुझा बाप हसतो. आणि तिकडे गोरे लोक विसांनीच मोजतात!"

मी काहीतरी बोलायला हवं म्हणून सांगितलं, पॅरिसला डोळ्यांचा एक दवाखाना आहे, त्याचं नावच 'पंधरा-वीस'. तेराव्या शतकात नवव्या लुई राजाने तीनशे आंधळ्यांसाठी काढला होता.

"पंधरा विसा. तीनशे." तिने बोटसुद्धा हलवलं नाही. "राजा शहाणा होता. बरं, चाळीसला काय म्हणतात? दोन विसाच ना?"

"नाही. कारांत."

"आणि साठाला?"

"सुआसांत. स्वतंत्र शब्द आहे."

"म्हणजे तीन विसा नाही?" तिचा चेहरा पडला. "मग ऐंशीलाच एकदम विसा आठवल्या होय? हे कसलं मोजणं! पहिल्यापासून विसांनी मोजावं, नाहीतर मोजू नये. कमरेखाली धोतर आणि वर टाय!"

मला आधार वाटला. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूने बोललं होतं. पण ती थांबली नाही. "तरी तुला यायला हवं होतं. एकोणऐंशी म्हणजे किती, सांग."

मी क्षणभर थांबलो. इंदुरातल्या मराठी मुलाला हा प्रश्न विचारू नये. आमच्या डोक्यात हिंदीचे उनासी आणि नवासी आधीच मारामारी करत असतात, म्हणून आम्ही इंग्रजीत 'सेव्हंटी नाइन' म्हणून सुटतो. महाराष्ट्रात २०१९ ला बालभारतीने एकवीसऐवजी 'वीस एक' म्हणायचं काढलं तेव्हा केवढा गहजब झाला. मला ती पुस्तकं तेव्हाच मागवायला हवी होती.

"बघ," माईआजी म्हणाली, "स्वतःचं येत नाही आणि फ्रान्सला नावं ठेवतोय."

हे मात्र मला पटलं नाही. लँग्वेज लॅबची फी दर वर्षी घेतात आणि हेडफोन एका कानाला वाजतो. ज्या कानाला वाजतो त्यात कोणी बाई पॅरिसच्या स्टेशनवरून गाडीचा नंबर सांगत असते. 'सुआसांत' ऐकून मी ६ लिहितो, ती 'दीझ-वीत' म्हणते, मी ६ खोडून ७८ करतो, तोवर गाडी गेलेली. माझ्या वहीत त्या पानाला खोडरबराने भोक पडलंय. गावात फ्रेंच बोलायला माणूस नाही. भेटेल तो विचारतो, "कॅनडाला जायचंय का?" नाही जायचं. मला फक्त माझा नंबर सांगायचा होता.

"तुझ्या नादात चुकले बघ," माईआजी म्हणाली. "तीन विसा अकरापर्यंत आले होते."

सुआसांत-ए-ओंझ. साठ आणि अकरा. हे मला लगेच आलं. आता येऊन काय उपयोग!

संध्याकाळी तिने माझा मोबाइल नंबर धुळ्याच्या भाचीला फोनवर सांगितला. मी शेजारीच होतो. "लिही गं. चार विसा सतरा. मग तीन विसा अठरा." पाचही जोड्या न अडखळता. मी मनात म्हटलं, गेला नंबर.

रात्री साडेनऊला मेसेज आला. 'मी धुळ्याची मावशी. माई म्हणाली तू नापास झालास. खरं का?'