गाडगीळ अहवालात घर बांधायला बंदी नव्हती

पावसाळा आला की एक मजकूर पुन्हा फिरू लागतो: "गाडगीळ अहवाल लागू झाला असता तर कोकणात घरसुद्धा बांधता आलं नसतं. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी आपल्यावर लादलेला तो अहवाल सरकारने गुंडाळला, तेच बरं झालं."

आधी घराचं बघू. पश्चिम घाट कसा जपायचा हे सुचवायला केंद्राने पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती; हा अहवाल तिचा. समितीने संवेदनशीलतेनुसार घाटाचे तीन स्तर केले. सर्वांत कडक अशा पहिल्या स्तरातही शेतजमीन बिगरशेती करण्यावरच्या बंदीला सवलत होती: स्थानिक लोकसंख्या वाढली तर गावठाण वाढवता येईल. बंदी होती ती नव्या खाणींवर, मोठ्या धरणांवर, प्रदूषणकारी कारखान्यांवर. शेतकऱ्याचं नाव पुढे करून नेमकं कुणाचं रक्षण होतं, हे यावरून कळतं.

"लादलेला" हा आरोप तर मला सर्वांत जास्त खटकतो. शास्त्रज्ञांनी साधारण नऊ बाय नऊ किलोमीटरचे चौकोन पाडले. प्रत्येकाला उंची, उतार, सदाहरित जंगल, फक्त इथेच सापडणाऱ्या वनस्पती अशा निकषांवर गुण दिले. म्हणजे माहिती मांडली. अंतिम सीमा मात्र ग्रामसभांशी बोलून ठरवा, असं अहवालातच लिहिलं होतं. सिंधुदुर्गातल्या पंचवीसेक ग्रामसभांनी तर आपलं क्षेत्र संवेदनशील जाहीर करा, असे ठराव स्वतःहून केले होते. विज्ञानाने धोरणात करायचं काम हेच. आणि माधव गाडगीळ पुण्याचे; सह्याद्री त्यांनी पायी फिरून अभ्यासलेला.

मग लोकांपासून दडवलं कुणी? अहवाल 31 ऑगस्ट 2011 ला सादर झाला. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तो दाबून ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाने खुला करायला सांगितल्यावर मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, तेव्हा कुठे मे 2012 मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. ग्रामसभांना तो मराठीत वेळेवर मिळाला असता तर ही अफवा एवढी रुजलीच नसती.

उलट बाजूनेही एक अतिशयोक्ती चालते: अहवाल मानला असता तर माळीण, तळीये, इर्शाळवाडी घडलंच नसतं. असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. अतिवृष्टीत तीव्र उतार खचतातच. पण कुठला उतार नाजूक आहे हे माहीत असताना तिथे खोदायचं की नाही, हा निर्णय सरकारचा असतो.

आणि तो अजून लांबतोच आहे. केंद्राने नंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने 2013 मध्ये संवेदनशील क्षेत्र घटवून घाटाच्या सुमारे 37 टक्क्यांवर आणलं. त्यावरही 2014 पासून केंद्राने हे क्षेत्र जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचे मसुद्यांवर मसुदे काढले. सहावा निघाला 31 जुलै 2024 ला, वायनाडमध्ये दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी.