‘तरुणपणी बीपी नसतो, नुसतं टेन्शन असतं’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

‘पंचविशीत बीपी होतच नाही, ते टेन्शन असतं, गोळ्या आजच बंद करा’ असा एक लांबलचक मजकूर घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे. माझं औषधाचं दुकान आहे. लोक काउंटरवर मोबाइल पुढे करून तो दाखवतात आणि मी जमेल तेवढं समजावते. पण गेल्या आठवड्यात कळलं की माझ्या भाच्यानेही तो वाचून गोळ्या सोडल्या. वय २७, हिंजवडीत नोकरी, वडिलांना चाळिशीतच बीपी लागलेला, आणि याचा स्वतःचा वरचा आकडा दीडशेच्या पुढे. शिवाय रात्री छातीत धडधडून जाग येते, हातपाय गार पडतात, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. असा मुलगा ‘तुला काहीच झालेलं नाही’ हे ऐकायला आसुसलेला असतो. फॉरवर्डने त्याला नेमकं तेच सांगितलं. आमच्याच नात्यातल्या काकांनी तो ग्रुपवर टाकला आणि खाली नमस्काराचे हात जोडणाऱ्यांची रांग लागली. त्या सगळ्यांनी हे पूर्ण वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तरुणांना बीपी नसतोच, हे पहिलं विधान. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के लोकांचा बीपी वाढलेला होता किंवा ते त्याची गोळी घेत होते. यात वयस्कर जास्त, हे खरं. पण तरुण वयात बीपी कमी लोकांना होतो म्हणून तो होतच नाही असं कसं म्हणता येईल? उलट कमी वयात आकडा चढला तर डॉक्टर जास्त खोलात जाऊन कारण शोधतात. मूत्रपिंडाचा आजार आहे का, थायरॉइड बिघडलं आहे का, घोरण्यात मध्येच श्वास अडतो का, हे पाहतात. दोन्ही हातांचा बीपी घेतात, कारण ताकायासू नावाच्या आजारात मोठ्या धमन्या अरुंद होतात. तो आपल्याकडे तरुण मुलींमध्ये दिसतो आणि त्यात दोन हातांच्या आकड्यांत मोठा फरक येऊ शकतो. अ‍ॅड्रिनल ग्रंथीची (ही मूत्रपिंडाच्या वर असते) एक दुर्मीळ गाठ तर हुबेहूब घबराटीच्या झटक्यासारखी वागते. घाम, धडधड, डोकेदुखी, आणि त्याच वेळी आभाळाला टेकलेला बीपी. दुकानात मी स्वतः विचारते, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या चालू आहेत का, जिमची पावडर घेतोस का, दुखण्यावरची गोळी रोज खातोस का, मुलगी असेल तर गर्भनिरोधक गोळी चालू आहे का. यातल्या कशानेही बीपी वाढू शकतो. ‘टेन्शन आहे’ असा शिक्का बसला की हे प्रश्न विचारायचेच राहून जातात.

पुढे म्हटलंय की खरा नियम ‘शंभर अधिक वय’ हा आहे आणि १२०/८० हा आकडा औषध कंपन्यांनी आपल्या फायद्यासाठी आणला. समजा, हा नियम खरा मानला. मग २७ वर्षांच्या मुलाचा वरचा आकडा १२७ हवा. त्यांच्याच हिशोबाने माझ्या भाच्याचा बीपी वाढलेला ठरतो, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. आणि वाढलेला बीपी आयुष्य कमी करतो हे फार आधी ओळखलं ते अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बीपीची एकही धड गोळी बाजारात नव्हती तेव्हा. त्यांना गोळ्या विकायच्या नव्हत्या. कोणता ग्राहक लवकर जाणार याचा हिशोब हवा होता.

यात एक तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या मोठ्या संस्थांनी २०१७ साली बीपीची रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली आणि त्यावर डॉक्टरांमध्येच वाद झाला. आपल्या सरकारी कार्यक्रमात अजून १४०/९० हीच रेघ धरतात. १३२ आकड्याला गोळी द्यावी का, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. दीडशेच्या पुढचा आकडा आठवडेच्या आठवडे टिकला तर त्याकडे दुर्लक्ष करावं, असं मात्र या वादातला कोणीच म्हणत नाही.

आता मुख्य दावा. मन शांत ठेवा, विश्रांती घ्या, मीठ कमी करा, बीपी आपोआप उतरेल, गोळी लागत नाही. हा प्रयोग जगाने करून पाहिलेला आहे, आणि तोही ज्याच्या दिमतीला हवे तेवढे डॉक्टर होते अशा माणसावर. मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी तपासलं तेव्हा बीपी होता १८६/१०८. इलाज म्हणून विश्रांती, कमी मिठाचं जेवण, हृदयासाठी डिजिटॅलिस आणि मन शांत करणारं फिनोबार्बिटाल, एवढंच हाताशी होतं. आकडा चढतच गेला. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा मोजलेला बीपी ३०० च्या पुढे होता. वय ६३.

मग १९६७ साल पाहा. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस यांच्या पुढाकाराने चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष छापून आला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. दोन्ही गटांची देखभाल सारखी, डॉक्टरांचा धीरही सारखा. दोन वर्षंही झाली नव्हती, तर बिनऔषधाच्या गटात २७ जणांना पक्षाघात, हृदय निकामी होणं, धमनी फाटणं यांसारखं गंभीर काहीतरी झालं आणि त्यांतले चौघे दगावले. खऱ्या गोळ्यांच्या गटात गंभीर घटना दोन, मृत्यू एकही नाही. हे पुरुष बहुतेक मध्यमवयीन होते आणि त्यांचा बीपी माझ्या भाच्यापेक्षा पुष्कळ जास्त होता, हे सांगायला हवं. पण नुसता धीर आणि धीर अधिक गोळी यांत काय फरक पडतो, याचं इतकं उघड उत्तर दुसरीकडे मिळणार नाही. बीपीवर गोळी द्यावी की नाही, हा वाद तिथून पुढे बदलला.

त्या अभ्यासातल्या तीन औषधांपैकी एक होतं रेसरपिन. ते निघालं आपल्या सर्पगंधेच्या मुळातून. सर्पगंधेने बीपी उतरतो हे रुग्णांवर पद्धतशीर तपासून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यासाठी १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मला याचा अभिमान आहे. म्हणूनच फॉरवर्डचा चौथा मुद्दा वाचून माझा पारा चढला. त्यात लिहिलंय, ‘इंग्रजी गोळ्या फेकून द्या, सर्पगंधा चूर्ण आणि ज्येष्ठमधाचा काढा सकाळ-संध्याकाळ घ्या, काही अपाय नाही.’

काही अपाय नाही? सर्पगंधा हे खरोखरीचं औषध आहे, आणि खरोखरीच्या औषधाला मात्रा असते. रेसरपिन मज्जातंतूंमधला नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, सेरोटोनिन, डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांचा साठा रिकामा करतं. त्यानेच बीपी उतरतो, आणि त्यानेच नाक चोंदतं, सुस्ती येते, मन खाली बसतं. ज्याला आधी नैराश्य येऊन गेलंय त्याला रेसरपिन देऊ नये, हे औषधशास्त्राच्या पुस्तकात आम्ही विद्यार्थी असताना वाचलेलं आहे. चूर्णाच्या एका चमच्यात रेसरपिन किती उतरलं हे घरी कोण मोजणार? आधीच घाबरलेल्या, झोप उडालेल्या पोराला हे औषध व्हॉट्सअ‍ॅपवरून, प्रमाण न सांगता द्यायचं? वैद्यसुद्धा नाडी, वय, चालू औषधं पाहिल्याशिवाय सर्पगंधा देत नाहीत. हा मजकूर आयुर्वेदाचा नाही, आयुर्वेदाचं नाव वापरणारा आहे.

ज्येष्ठमधाची गोष्ट तर आणखी वाईट. ज्येष्ठमध बीपी वाढवतं. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. घसा बसला म्हणून एखादी कांडी चघळली तर बिघडत नाही, पण बीपी असलेल्याने रोज दोन वेळा काढा महिनाभर घेतला तर आकडा चढतो, पायांत गोळे येतात, अशक्तपणा वाटतो आणि पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके चुकायला लागतात. म्हणजे ज्या धडधडीने हा मुलगा रात्री दचकून उठतो, तीच धडधड हा काढा देणार. मग पुन्हा ग्रुपवर विचारायचं आणि पुन्हा उत्तर येणार, टेन्शन घेऊ नकोस. ताईच्या ओट्यावर मी तो काढ्याचा डबा पाहिला. शेजारी अर्धी संपलेली गोळ्यांची स्ट्रिप पडलेली. डबा मी त्याच वेळी रिकामा केला.

गोळ्या एकदम बंद करण्याबद्दलही त्यात बेधडक लिहिलंय. धडधडीसाठी अनेक तरुणांना प्रोप्रॅनोलॉल दिलेलं असतं. ते एका दिवसात सोडलं तर ठोके उसळतात, म्हणून ते हळूहळू कमी करायचं असतं. क्लोनिडिन हे बीपीचं औषध सोडल्यावर बीपी उलटून आधीपेक्षा वर जाऊ शकतो. अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन या बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांचं तसं होत नाही. त्यांचा असर ओसरतो आणि बीपी काही दिवसांत मूळ जागी येतो. त्या मधल्या दिवसांत ‘बघा, गोळीशिवाय ठीक आहे’ असं वाटतं, तेच फसवं.

सवय लागते, किडनी जाते, ही भीती दुकानात रोज ऐकते. बीपीच्या या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. वजन उतरलं, मीठ-दारू आटोक्यात आली, कारण सापडून त्यावर उपचार झाला, तर डॉक्टर मात्रा कमी करतात, काहींची गोळी बंदही करतात. किडनी खराब होते ती वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीने. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्यायचं, एवढं पथ्य खरं आहे. आणि मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या मुलींनी ते डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही. पण फॉरवर्डमध्ये नेमकं हे कामाचं काहीच नाही.

सैंधव कितीही खा, हा मुद्दा एका वाक्यात संपतो. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असा आहे, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाणही धरायचं.

शेवटचा मुद्दा, बीपी मोजूच नका, मोजल्याने वाढतो. इथे मला थोडं त्यांच्या बाजूने बोलावं लागेल. भाचा रात्री दोन वाजता, धडधड चालू असताना, पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून, टी-शर्टच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून बटण दाबायचा. १६८ आला की घाबरून लगेच पुन्हा, मग १७४, मग पुन्हा. असल्या मोजण्याने खरंच नुकसान होतं. भीतीने बीपी चढतो, दवाखान्यात डॉक्टरांसमोर चढतो, आणि सावकाश श्वासाने थोडा उतरतोही. पण म्हणून मशीन कपाटात टाकायचं नसतं, नीट मोजायचं असतं. दंडाचं मशीन, पट्टा उघड्या दंडावर आणि दंडाच्या मापाचा, कारण लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. अर्धा तास आधी चहा-सिगारेट नाही, लघवी करून यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, पाच मिनिटं गप्प बसायचं. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून लिहून ठेवायचं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ एवढंच, मध्ये नाही. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो बीपी आहे. शंका उरली तर २४ तास दंडाला बांधून ठेवायचं मशीन मिळतं. ते झोपेतही मोजतं, आणि झोपेत कोणाला दवाखान्याची भीती वाटत नाही.

आणि चिंता हा वेगळा आजार असेल तर त्यावरही वेगळा उपचार हवा. घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत कळस गाठून ओसरायला लागतो, हे नुसतं माहीत असण्यानेही अनेकांना धीर येतो. विचारांवर काम करणारी मानसोपचाराची पद्धत आहे, गरज पडली तर गोळ्या आहेत. त्यांतल्या वेन्लाफॅक्सिनसारख्या काहींनी बीपी वाढू शकतो, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना बीपीची चिठ्ठी आणि फिजिशियनना मनाची चिठ्ठी, दोन्ही दाखवायच्या. लाजून एक लपवायची नाही. कुठे सुरुवात करावी कळत नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा १४४१६ वर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. बीपीच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोफत मिळतात.

भाच्याला त्याच्या डॉक्टरांकडे पाठवलंय, गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात, लघवी-रक्ताच्या तपासण्या व्हायच्या आहेत. ग्रुपवरच्या बाकी मुलामुलींसाठी एवढंच लिहून ठेवते. आकडा १८०/१२० च्या पुढे दिसला, पण दुसरा काही त्रास नसेल, तर पाच-दहा मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा आणि तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पण त्यासोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले किंवा नजर अंधूक झाली, तर पुन्हा मोजत बसू नका, ग्रुपवर विचारू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा.