डबल ड्यूटीत ताजंतवानं कसं राहावं

मागच्या आठवड्यात मला मेमो मिळाला. कारण: निष्काळजीपणा. पहाटे साडेचारला लॉगबुकात 85 डिग्रीच्या जागी 58 लिहिलं मी, सकाळी क्वालिटीवाल्यानं पकडलं, माल काही बिघडला नव्हता, पण मेमो सही करून घ्यावाच लागला. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून अनुभवाचे चार शब्द. नागपूरकडं हिंगण्यापासून बुटीबोरीपर्यंत कुठल्याही कारखान्याच्या शेडमध्ये चालतील.

सगळ्यात आधी, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला आपल्याला सोडवणारा माणूस, आला नाही तर "नाही" म्हणायचं नाही. सेकंड शिफ्टवाल्यानं रात्री 11 ला डबा पिशवीत टाकला की सुपरवायझर खांद्यावर हात ठेवतो, "आजच्या दिवस सांभाळून घे ना भाऊ." घ्यायचं. दुपारी 3 ते सकाळी 7.

चहा पीत राहा. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण 5 तास लागतात, म्हणजे पहाटे 5 चा चहा सकाळी 10 ला, तुम्ही घरी डोळे मिटून पडलेले असता तेव्हा, अजून अर्धा ड्यूटीवरच असतो.

डुलकी चुकूनही नाही. नासानं लांब पल्ल्याच्या वैमानिकांना कॉकपिटमध्येच आळीपाळीनं 40 मिनिटं आराम दिला, ते सरासरी 26 मिनिटं झोपले अन् त्यांचं काम 34 टक्क्यांनी सुधारलं. पण ते नुसतं विमान उडवत होते, आपल्यासारखं महत्त्वाचं काम थोडंच करत होते! आमच्याकडे खुर्चीत मान कलंडली की सिक्युरिटीवाला फोटो काढून ग्रुपवर टाकतो, खाली साहेबांचा अंगठा.

त्यापेक्षा सरळ पिऊनच या. मस्करी नाही, हिशेब सांगतो. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियात डॉसन अन् रीड या दोघांनी लोकांना एकदा जागं ठेवून अन् एकदा दारू पाजून तीच टेस्ट घेतली, 'नेचर'मध्ये छापून आलंय. सलग 17 तास जागा माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा चुकतो, 24 तासाला 0.10 च्या आसपास. आपल्याकडे गाडी चालवायची लिमिट आहे 0.03. आता मी त्या दिवशी सकाळी 7 ला उठलो होतो, पोरीची शाळेची रिक्षा असते, म्हणजे रात्री 12 लाच मी लिमिटच्या वर, साडेचारला लॉगबुक भरलं तेव्हा साडेएकवीस तास झालेले, अन् सकाळी 7 ला सुटलो तेव्हा पूर्ण टाईट, तसाच हिंगणा टी-पॉइंटवरून गाडीवर घरी. गेटवर आमच्या तोंडाचा वास घेतात, क्वार्टर मारून आलेल्याला आत सोडत नाहीत, बरोबरच आहे, पण चांगला शुद्धीत आलेला माणूस आत ठेवून ठेवून त्याच अवस्थेला आणला तर त्याला म्हणायचं सहकार्य! पिऊन गेलो असतो तर निदान गेटवरून परत पाठवलं असतं, घरी झोपलो तरी असतो.

साहेब म्हणतात सवय होते. होते ना! 2003 मध्ये पेन्सिल्वेनिया विद्यापीठात लोकांना दोन आठवडे रोज 6 तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं, तर त्यांचं डोकं एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यासारखं चालायला लागलं, अन् त्यांना स्वतःला मात्र तेवढी झोप आल्यासारखं वाटतच नव्हतं. आपण ठीक आहो म्हणणारा तो भिडू म्हणजे आमची अख्खी नाईट शिफ्ट.

राहिलेली झोप दिवसा भरून काढा. मे महिना, 45 डिग्री, कूलरची टाकी रिकामी, खाली भंगारवाला. शुभेच्छा.

अन् हो, कँटीनमध्ये एचआरनं लावलेलं पोस्टर रोज वाचा. "पुरेशी झोप घ्या, सुरक्षित राहा."

कधी घ्यायची बे? साहेब, तुम्हीच सांगा. रिलीव्हर काहून आला नव्हता ते मेमोत लिहिलंय का? त्या पोट्ट्यानं आदल्या रात्री डबल केली होती, सकाळी वाडीजवळ गाडीवर डोळा लागला, डिव्हायडरला ठोकला, हात प्लास्टरमध्ये आहे. त्याच्या बायकोनं सकाळी 9 लाच फोन करून कळवलं होतं. सकाळी 9 ला! दुसरा माणूस शोधायला अख्खा दिवस होता तुमच्याकडे, एसीत बसून एक फोन फिरवता आला नाही, अन् रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे लावलं "विनापरवानगी गैरहजर". आकडा माझा चुकला, कबूल. ड्यूटीचा चार्ट कोणाचा चुकला? तीन जागा दिवाळीपासून रिकाम्या आहेत, त्या भरत नाही, डबल करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी देत नाही, अन् निष्काळजी आम्ही. लाज वाटू द्या थोडी.

48 तासात लेखी खुलासा मागितलाय. हाच आहे खुलासा, लावा त्या पोस्टरच्या शेजारी.