करातला पैसा आणि कुलूप लागलेला दवाखाना

दिवाळीत मिरजेला गेले होते. मावसबहीण तिथून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. फराळाला बसलो असताना तिने विचारलं, "ताई, तुमच्या टेक्सासात गर्भपात करणाऱ्या संस्थांना सरकार पैसे देत नाही म्हणे. ज्यांना ते पाप वाटतं त्यांच्या करातून कशाला द्यायचे? त्यात चुकलं काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि तसं मानणारी, मनाने चांगली माणसं माझ्या शेजारात राहतात. पण त्यांचं म्हणणं अमेरिकेने केव्हाच मान्य केलंय. 1976 च्या हाइड दुरुस्तीपासून केंद्राचा पैसा गर्भपातासाठी वापरता येत नाही. आज अपवाद एवढेच: बलात्कार, घरातल्याच नात्यातून झालेला अत्याचार आणि आईच्या जिवाला धोका. मग राज्यं नवे कायदे करून तोडतात ते काय? त्याच संस्थांच्या बाकीच्या कामाचा पैसा. गर्भनिरोधक गोळ्या, तांबी, इंजेक्शन, गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी.

हे मला आकड्यांतून कळलेलं नाही. टेक्सासातल्या ऑस्टिनला आलो तेव्हा नवरा शिकत होता आणि मला विमा नव्हता. एका छोट्या दवाखान्यात उत्पन्न बघून फी घ्यायचे. खुर्च्यांवर बहुतेक मेक्सिकन बायका, मांडीवर पोरं. तिथल्या नर्सने माझी तपासणी झाल्यावर पुढच्या वर्षीची तारीख निळ्या शाईने कार्डावर लिहून दिली. त्या तारखेला गेले तर दाराला कुलूप आणि काचेवर एक छापील कागद. तिथे गर्भपात कधीच होत नव्हते. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.

2011 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने कुटुंबनियोजनाचा दोन वर्षांचा निधी सुमारे 11 कोटी डॉलरवरून 4 कोटींच्या खाली आणला. रोख प्लॅन्ड पॅरेंटहूडवर, म्हणजे कुटुंबनियोजनाबरोबर गर्भपाताचीही सेवा देणाऱ्या संस्थेवर होता, पण बंद पडलेल्या ऐंशीहून जास्त दवाखान्यांपैकी बहुसंख्य त्या संस्थेचे नव्हतेच. 2013 पासून राज्याच्या महिला आरोग्य योजनेतून या संस्थेला वगळलं. त्यानंतर तिची केंद्रं असलेल्या काउंट्यांत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, तीन महिन्यांचं इंजेक्शन घेणाऱ्या बायकांची सरकारी खर्चाने झालेली बाळंतपणं 27 टक्क्यांनी वाढली. गर्भपात नको म्हणणाऱ्यांनी नको असलेली गर्भधारणा टाळायचं साधनच काढून घेतलं, याचा मला आजही संताप येतो.

पुढे ऑस्टिन शहर या संस्थेला वर्षाला एक डॉलर भाड्याने इमारत देत होतं, तर 2019 मध्ये असे करार थांबवणारा कायदा आला. 2022 नंतर टेक्सासात गर्भपात जवळजवळ पूर्ण बंद आहे, तरी मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यात, या संस्थेला जागा नाही. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ कॅरोलायना राज्याच्या खटल्यात 6 विरुद्ध 3 असा निकाल दिला: मेडिकेडवरची बाई "मला याच दवाखान्यात जायचंय" म्हणून मेडिकेडच्या कायद्याच्या आधारे न्यायालयात जाऊ शकत नाही.

बहीण म्हणाली, "आपल्याकडे बरं आहे मग. 1971 पासून गर्भपाताचा कायदा आहे."

आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. 2021 च्या दुरुस्तीने तर "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" हे शब्द जाऊन "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे आले. पण कायदा चांगला असून दार बंद असू शकतं, हे मी ऑस्टिनला शिकले. म्हणून तिलाच विचारलं, गर्भपाताच्या गोळ्या मिळतात का? ती म्हणाली, मेडिकलवाले ठेवतच नाहीत. 2017 मध्ये शेजारच्या म्हैसाळला 19 भ्रूण सापडले, तपासण्या सुरू झाल्या. नसती झंझट नको म्हणून त्यांनी माल मागवणंच सोडलं. मुली मारणाऱ्यांना पकडायलाच हवं. पण फटका बसला तो दोन लेकरांनंतर तिसरं नको म्हणणारीला.

"आणि सही?" मी विचारलं. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती पुरते, कायद्यात नवऱ्याची सही कुठेच नाही.

ती थोडा वेळ गप्प राहिली. "आमच्याकडे मागतात, ताई. मीसुद्धा मागितलीय. मागच्या महिन्यात एकीला सही आणायला परत पाठवलं. सोबत सासूही नव्हती, एकटीच एसटीने आली होती. ती पुन्हा आलीच नाही."