‘टेक्निकल कम्युनिकेशन’ला वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एम.टेक.ला ‘टेक्निकल अँड अकॅडमिक कम्युनिकेशन’ म्हणजे नाव बदलून लावलेला इंग्रजीचा तास, त्यापेक्षा एखादं प्रॅक्टिकल वाढवलं असतं तर बरं, आणि मराठी माध्यमातल्या मुलांना तिथे उगाच खाली मान घालावी लागते, असं तुम्ही लिहिलंत. शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत लागला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मीही दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. या तासाला सरांनी फ्लाय ॲश (कोळसा जाळल्यावर उरणारी बारीक राख) घातलेल्या काँक्रीटवरच्या एका प्रोजेक्टचा सारांश पडद्यावर लावला. पहिली चार वाक्यं सिमेंटच्या महत्त्वावर, मग ‘विविध चाचण्या घेण्यात आल्या’, शेवटी ‘निकाल समाधानकारक आढळले’. इंग्रजी अगदी निर्दोष. सरांनी विचारलं, “फ्लाय ॲश किती? ताकद वाढली की घटली? कितव्या दिवशी?” फर्डं इंग्रजी बोलणारे गप्प. उत्तर दिलं डिप्लोमा करून आलेल्या एका मुलानं, सरळ मराठीत: “३० टक्के सिमेंटच्या जागी फ्लाय ॲश घातली, की ७ दिवसांना क्यूबची, म्हणजे चाचणीच्या काँक्रीट ठोकळ्याची, ताकद कमी येते, पुढे ती भरून निघते.” सर म्हणाले, “हेच तुमचं पहिलं वाक्य. इंग्रजी मागाहून बघू.” मान खाली घालायची वेळ त्या दिवशी त्याच्यावर नक्कीच आली नाही.

आता प्रॅक्टिकलचं. जानेवारी २००३ मध्ये नासाच्या कोलंबिया या अवकाशयानाच्या डाव्या पंखावर उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी हिशेब करून तो व्यवस्थापकांपुढे मांडला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. खरी गोष्ट अगदी तळाच्या ओळीत: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, प्रत्यक्षातला अंदाजे १९२०. म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं. कल्पना चावलांसह सातही जण गेले. एका स्लाइडमुळे हे घडलं असं कुणीच म्हणत नाही, पण चौकशी मंडळानं आपल्या अहवालात त्या स्लाइडची मांडणी मुद्दाम तपासली. आकडा हाताशी होता. तो शीर्षकात हवा, हे ठरवणंही इंजिनिअरचंच काम आहे.

तुमच्या रागातला एक भाग मात्र मला शंभर टक्के पटतो. अनेक ठिकाणी या विषयात नोटीस, अजेंडा, मिनिट्स यांचे नमुने पाठ करून घेतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून मुलं शब्द फिरवून टक्केवारी खाली आणत बसतात. दुसऱ्याचा पेपर वाचून, समजून, आपल्या शब्दांत मांडून श्रेय कसं द्यायचं हे कुणी शिकवत नाही. हे शिकवायची जागा हीच!

तेव्हा तुमच्या विभागात विषय बंद करण्यापेक्षा एवढं मागून बघा: परीक्षेला पत्रांचे नमुने नकोत, विद्यार्थ्याचा स्वतःचा लॅब रिपोर्ट ठेवा, आणि तो तपासायला इंग्रजीच्या शिक्षकांसोबत विभागातलं कुणीतरी बसू दे.