नील बेट, चार किनारे आणि आईची पाऊणकी

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी एकच सल्ला दिला. "नीलला मुक्काम नको. हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने जा, तीन बीच करा आणि दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर गाठा." आम्ही ऐकलं नाही. दोन रात्री राहिलो आणि मधला अख्खा दिवस फक्त किनाऱ्यांना दिला. परत आल्यापासून भेटेल त्याला हेच सांगतेय, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, आठवीतला मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांची माझी आई. आई खरं तर आली होती सेल्युलर जेल बघायला. पहिल्या दिवशी सावरकरांच्या कोठडीत ती बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होती. 1911 ते 1921, दहा वर्षं, असं एकदा हळूच म्हणाली आणि बाहेर आली. बीचबिच तुम्ही पोरं बघा, मी खोलीवर बसेन, हे तिचं आधीच ठरलेलं होतं.

नीलला पोचलो त्या संध्याकाळी ठरवत होतो की उद्या कुठून सुरुवात करायची. बेट इतकं लहान आहे की या टोकाहून त्या टोकाला रिक्षाने अर्धा तासही लागत नाही. म्हणजे सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर आणि तो दगडी नैसर्गिक पूल कुठल्याही क्रमाने करता येतील, असं आम्ही धरून चाललो होतो. आई मधेच म्हणाली, "उद्या संकष्टी. चार पाऊणे तीन. तीनला भरती, म्हणजे नवाला ओहोटी. दगडातलं काही बघायचं असेल तर नवाला."

आई गुहागरची. लहानपणी ओहोटीला कालवं काढायला जायची, आणि ओहोटी कधी हे घड्याळात नाही, तिथीत बघायचं असतं हे तिच्या हाडात मुरलेलं आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून शाळेतली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, इथे चालते. मी चाळीस वर्षं तिच्यासोबत आहे आणि हे गणित मी तिला कधी मांडून दाखव म्हटलं नव्हतं, याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

रिक्षावाला मात्र म्हणाला, नऊ नाही, सातच्या आत पुलाखाली पोचायला हवं. तो तिथलाच, बंगाली कुटुंबातला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे जमिनी दिल्या, जंगल तोडून त्यांनी शेती उभी केली, आणि आज अंदमानची बरीचशी भाजी याच बेटावरून जाते. गावांची नावं रामायणातली. त्याने आईला पहिल्या भेटीतच मासीमा, म्हणजे मावशी, केलं. "मासीमा, पहले पुल, बाद में नाश्ता," असं त्याने बजावलं, आणि आईने आपलं गणित चुकलं म्हणून वाद घातला नाही. तिने फक्त विचारलं, "तुमच्याकडे अमावस्येला भरती कधी असते?" त्याने सांगितलेली वेळ आमच्या कोकणापेक्षा दोन-अडीच तास आधीची होती. आईने मान हलवली. "समुद्र तोच असला तरी किनारा वेगळा. हिशोबातून तेवढे वजा करायचे."

पहाटे पावणेपाचला निघालो. पुण्यात असताना या वेळी उठायचं म्हणजे शिक्षा वाटते, पण तिथे पाचलाच फटफटतं. नील आपल्यापेक्षा जवळजवळ 19 रेखांश पूर्वेला आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटं लागतात, म्हणजे सूर्य आपल्या सव्वा तास आधी येतो. घड्याळ मात्र तेच. सीतापूरचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, समोर उघडा समुद्र. साडेपाचच्या सुमाराला पाण्यातून सूर्य वर आला तेव्हा किनाऱ्यावर आम्ही आणि दोन कुत्री, एवढेच होतो.

तिथून थेट पुलाकडे. लाटांनी खडकाच्या पोटातलं मऊ ते खाऊन टाकलं आणि वरची कमान तेवढी राहिली. तिथले लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. कमानीपर्यंतची वाट मेलेल्या प्रवाळाच्या खडबडीत दगडांवरून जाते, आणि भरतीला ही वाट पाण्याखाली असते. "काही विशेष नाही, नुसतं पाणी होतं" असं ज्यांनी मला सांगितलं होतं ते तिथे दुपारी पोचले होते. त्यांचं चुकलं नाही. त्यांना तिथे त्या वेळी नेणाऱ्याने भरती-ओहोटी बघितली नाही, आणि याचा मला खरोखर राग येतो. लोक आयुष्यात एकदा, पैसे साठवून जातात तिथे. बोटीच्या वेळा बघून आखलेला दिवस आणि समुद्राच्या वेळा बघून आखलेला दिवस यात फार फरक आहे.

आई रिक्षातच बसणार होती. ओहोटीचा वास आला आणि ती उतरली. एका हाताने नातवाला धरून, दुसऱ्या हाताने साडी वर खोचून ती त्या दगडांवरून अशी चालली की मी बघत राहिले. कुठे पाय ठेवायचा हे तिला कळत होतं. डबक्यात काकडीसारखा काळा जीव पडला होता, तो तिने मुलांना दाखवला. निळसर ओठांचा मोठा शिंपला हळूच मिटला. एका डबक्यात जिवंत प्रवाळ होता, तिथे वाटाड्याने आम्हाला लांबून वळवलं. माझ्या लेकीने पांढऱ्या प्रवाळाचा एक तुकडा मुठीत धरला होता. तो ठेवून दे म्हटल्यावर ती रडली. प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, विमानतळावर सामानही तपासतात, पण पाच वर्षांच्या पोरीला कायदा काय सांगणार? आई म्हणाली, "ते खेकड्याचं घर आहे गं. तो संध्याकाळी येऊन कुठे झोपेल?" तिने लगेच होता तिथे ठेवला.

भरतपूरला आम्ही मुद्दाम पाणी चढायची वाट बघून गेलो, अकराच्या पुढे. ओहोटीला तिथे पाय टाकला की प्रवाळच लागतो, भरतीला त्यावरून होडी जाते. काचेच्या तळाच्या होडीत आई ओणवी होऊन बसली होती. रंगीत मासे बघून मुलं ओरडत होती, आणि मला खाली पांढरट-करडे पट्टे जास्त दिसत होते. 2010 साली समुद्र तापला तेव्हा अंदमानच्या प्रवाळाचा रंग मोठ्या प्रमाणावर उडाला. प्रवाळाच्या अंगात जे सूक्ष्म शेवाळ राहतं तेच त्याला रंग आणि अन्न देतं. पाणी फार तापलं की ते बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ उपाशी राहतो. काही सावरतो, काही नाही. तिथे उथळ पाण्यात प्रवाळावर उभं राहून फोटो काढणारी माणसं बघितली. होडीवाल्यांनी ओरडायला हवं, आणि आपण त्यांच्यावर चिडायला नको.

दुपारी शहाळी, पपई, आणि आईसाठी घरून नेलेले राजगिऱ्याचे लाडू. मग झोप.

चारला लक्ष्मणपूर. इथे पांढरी रेती, उथळ पाणी, तोंड पश्चिमेला. पाचच्या आसपास सूर्य बुडालाही. सकाळी ज्याला उगवताना पाहिलं त्याला त्याच दिवशी, त्याच बेटावर, त्याच माणसांबरोबर मावळताना बघणं ही माझ्यासाठी या सहलीतली सगळ्यात मोठी गोष्ट. पाणी पुन्हा उतरायला लागलं होतं. मुलाने विचारलं, "आजी, आता ओहोटी किती वाजता?" आजीने क्षणभर डोळे मिटले. "सात वाजून गेल्यावर. सकाळच्या वेळेत बारा तास आणि वर थोडे मिळव."

खोलीवर आल्यावर तिला उपास सोडायची घाई नव्हती. कॅलेंडरात मुंबईची चंद्रोदयाची वेळ होती, तोवर थांबायची तिची तयारी होती. मुलगा अंगणात गेला आणि ओरडत आला. माडांच्या वर चंद्र आला होता, घरच्या वेळेच्या तासभर आधी. आईने हात जोडले, तांब्यातलं पाणी सोडलं, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. मग आमच्या शेजारी राहणाऱ्या बंगाली काकूंना वाटीभर दिलं आणि त्यांच्या पायरीवर बसून, एकमेकींची भाषा येत नसताना, दोघी किती तरी वेळ बोलत होत्या.