साडेतीन मिनिटं थांबून हृदय वाचत नाही

मेसेजचा मजकूर साधारण असा असतो: रात्री लघवीला उठलात तर लगेच उभे राहू नका. आधी थोडा वेळ पडून राहा, मग उठून बसा, मग पाय खाली सोडून बसा, एकूण साडेतीन मिनिटं. नाहीतर मेंदूला रक्त पोचत नाही, हृदय बंद पडतं आणि धडधाकट माणूस जागच्या जागी जातो. हे कोणत्याही वयात होऊ शकतं.

सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर हे वर्षानुवर्षं फिरतंय. पाठवणाऱ्याला काळजी असते, म्हणून कोणी हटकत नाही. पण हटकायला हवं. जो प्रश्न विचारला तर खरोखर एखादा जीव वाचू शकतो, तो या मेसेजमध्ये नाहीच: हा माणूस रात्रीतून दोन-तीनदा उठतोय कशामुळे?

आधी मेंदूच्या रक्ताचं बघू. उभं राहिलं की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं, हे खरं आहे. पण मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारी यंत्रणा असते. ती काही सेकंदांत नाडी वाढवते, रक्तवाहिन्या आवळते आणि दाब सावरते. निरोगी माणसात हे दिवसभर चालूच असतं.

काहींच्या बाबतीत ही यंत्रणा मंदावते. वय झालेलं, जुना मधुमेह, पार्किन्सन्स, बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या. अशा माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, क्वचित शुद्धही हरपते. म्हणजे ‘कोणत्याही वयात’ हे निव्वळ घाबरवणं झालं. शिवाय चक्कर येणं म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. इथे खरा धोका पडण्याचा आहे. ओल्या बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि चालतंबोलतं माणूस अंथरुणाला खिळतं. त्यासाठी पलंगाच्या काठावर जरा टेकणं, आधार धरून उठणं, रात्रीचा छोटा दिवा लावणं आणि पुरुषांनीही बसूनच लघवी करणं, एवढं पुष्कळ आहे.

साडेतीन या आकड्याला मात्र काहीही आधार नाही. उभं राहिल्यावर बीपी किती उतरतं हे डॉक्टर तीन मिनिटांपर्यंत मोजतात, पण ती मिनिटं उभं राहिल्यानंतरची. आधी कितीही बसून राहिलात तरी ती टळत नाहीत. लघवी कोंडून घड्याळाकडे बघत बसलेले आजोबा शेवटी घाईने धावतात आणि पडतात, हा धोका वर वेगळाच.

आता मूळ दावा: रात्री अचानक येणारे मृत्यू झटकन उठल्यामुळे होतात. एरवी हार्ट अ‍ॅटॅकचं प्रमाण रात्रीपेक्षा सकाळी जास्त असतं. पण काही माणसांच्या बाबतीत हे चित्र उलटं दिसतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००५ मध्ये ११२ जणांच्या नोंदी तपासल्या. हे सगळे हृदयाच्या कारणाने अचानक गेलेले, आणि त्यांची झोपेची तपासणी आधी कधीतरी झालेली होती. ज्यांना स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास वारंवार अडण्याचा आजार होता, त्यांच्यातले ४६ टक्के मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात गेले. ज्यांना नव्हता, त्यांच्यात हेच प्रमाण २१ टक्के होतं. रात्रीच्या मृत्यूंबद्दल बोलायचं तर आधी या आजाराबद्दल बोलावं लागेल.

या आजारात काय होतं ते शेजारी झोपणाऱ्या बायकोला विचारा. घोरणं चढत जातं आणि एकाएकी थांबतं. खोलीत शांतता. छाती हलतेय, पण नाकातोंडातून हवा नाही. दहा, पंधरा, वीस सेकंद. ती हात लावून हलवणार, तेवढ्यात गुदमरल्यासारखा आचका, मोठा श्वास, आणि पुन्हा घोरणं. त्याला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. तासाला असं तीस वेळा होत असेल तर आजार तीव्र समजतात. म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा!

प्रत्येक वेळी रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि बीपी उसळतं. तेही अशा वेळी, जेव्हा ते दिवसापेक्षा दहा टक्के तरी खाली यायला हवं. गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नाही, हृदयाचे ठोके अनियमित होतात, अशा अनेकांच्या मुळाशी हे असतं.

आणि लघवी? बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत जी ओढ निर्माण होते, तिने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. शरीरात पाणी जास्त झालंय अशी हृदयाची समजूत होते, ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं लघवी वाढवतात. म्हणून काही जण रात्री उठतात आणि दोष साखरेला किंवा प्रोस्टेटला देतात. तीही कारणं असतातच, ती तपासावीतच. पण घोरण्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण आपल्याकडे घोरणारा म्हणजे ढाराढूर झोपणारा सुखी माणूस!

‘हा जाड्या लोकांचा आजार’ हेही अर्धसत्य. वजनाने धोका वाढतो, पण लहान किंवा मागे गेलेला जबडा असलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो, आणि पाळी गेल्यावर बायकांनाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाने ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. हे पुरुष नेहमीच्या आरोग्य तपासणीला आले होते. त्यांच्यात लक्षणांसह स्लीप अ‍ॅप्नियाचं प्रमाण साडेसात टक्के निघालं.

उपचारांबद्दलही खरं तेच सांगायला हवं. रात्री मास्कमधून हवेचा दाब देणाऱ्या सीपॅप मशीनने श्वास मोकळा राहतो, दिवसाची पेंग जाते, बीपी थोडं उतरतं. पण आधीच हृदयरोग किंवा पक्षाघात झालेल्या २,७०० हून अधिक रुग्णांवरच्या २०१६ च्या मोठ्या चाचणीत पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. त्या रुग्णांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं होतं, हेही लक्षात घ्यावं. त्यामुळे मशीन हृदयाची हमी देतं असं मी म्हणणार नाही. वजन, बीपीच्या गोळ्या, तंबाखू-सिगारेट सोडणं, झोपण्याआधीची दारू बंद करणं, हे सगळं सोबत लागतंच. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

घरात कोणी रात्री वारंवार उठत असेल, घोरताना त्याचा श्वास अडत असेल, सकाळी डोकं जड होत असेल किंवा दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर मोबाइलवर त्याच्या घोरण्याचं दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि डॉक्टरांना ऐकवा. झोपेची तपासणी आता बऱ्याच जणांची घरीही करता येते. गाडी चालवताना पेंग येत असेल तर तपासणी होईपर्यंत त्याच्या हातात किल्ली देऊ नका.